वाऱ्याने उपसलेलं पाणी

शुक्रवार रात्र, डेल्फ्ट

भाची इथे पाण्याचं इंजिनिअरिंग शिकते. उद्या किंडरडाइकच्या पवनचक्क्या बघायला जायचं ठरलं आणि जेवण आटोपताच तिने टेबलावर नकाशा पसरला. "मावशी, आधी हे समजून घे. नाहीतर उद्या नुसती पाती बघून परत येशील."

रॉटरडॅमच्या आग्नेयेला आल्ब्लासरवार्ड नावाचा सखल टापू आहे. भोवती नद्या, मध्ये शेतं, आणि शेतांची पातळी नदीच्या पाण्याखाली. हे मूळचं असं नव्हतं. हजारेक वर्षांपूर्वी इथे पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदल होती आणि ती नदीपेक्षा उंच होती. शेतकऱ्यांनी चर खणले, पाणी उताराने नदीत गेलं, धान्याची शेती उभी राहिली. पण पीट स्पंजासारखं असतं. पाणी गेलं की ते आकसतं, हवा लागली की कुजून विरून जातं. जमीन खचत गेली. पाणी काढल्यामुळे जमीन खचली, आणि खचली म्हणून आणखी पाणी काढावं लागलं. या चक्रातून गेल्या आठ-नऊ शतकांत या लोकांची सुटका झालेली नाही. पवनचक्की हा त्या कहाणीचा मधला अध्याय आहे.

शनिवार, किंडरडाइक

सकाळी एरास्मस पुलाखालून वॉटरबस पकडली. अर्ध्या तासात शहर मागे पडतं, दोन्ही काठांना जहाजबांधणीचे कारखाने दिसू लागतात, आणि लेक आणि नोर्ड या नद्या मिळतात तिथे बोट आपल्याला उतरवते. बांधावर चढलं की पलीकडच्या उतारावर, नदीच्या खाली, सगळा देखावा एकदम उघडतो. पाण्याचे सरळसोट कालवे, बोरूची बेटं, आणि कालव्यांच्या काठाने उभ्या एकोणीस पवनचक्क्या.

भाचीने मात्र आधी पंपघर दाखवलं. उताराच्या काँक्रीटच्या पन्हाळीत भलेमोठे आर्किमिडीज स्क्रू फिरतात आणि पाणी वर ढकलतात. आज आल्ब्लासरवार्ड कोरडा ठेवणारं खरं बळ हे. त्याच्या शेजारी १८६८ सालचं वाफेचं पंपघर आहे, तिथे आता माहिती केंद्र आहे. दोन्ही बघून मग चक्क्यांकडे वळलो ते बरं झालं. कारण काम तेच, फक्त बळ बदललं आहे, हे डोळ्यांदेखत कळलं.

हा टापू पूर्वी दोन पाणी-मंडळांत विभागलेला होता, नेडरवार्ड आणि ओव्हरवार्ड. नेडरवार्डने १७३८ साली विटांच्या आठ गोल चक्क्या बांधल्या. ओव्हरवार्डने १७४० च्या सुमारास आठ अष्टकोनी चक्क्या उभारल्या, त्यांच्या अंगावर बोरूची जाड शाकारणी आहे. उरलेल्यांपैकी दोन शेजारच्या गावाच्या आणि एक ब्लोकवेअर नावाची, जिचा वरचा सगळा लाकडी डोलारा वाऱ्याकडे फिरवता येतो. त्याआधी पाणी कसं काढत होते? कालव्याच्या तोंडाशी दारं होती. नदीला ओहोटी आली की दारं उघडून पाणी सोडायचं. जमीन खचत गेली, नदीचा तळ गाळाने वर आला, आणि दारं उघडूनही पाणी जाईना. तेव्हा चक्क्या आल्या.

आम्ही अलिबागच्या खारेपाटातले, त्यामुळे हे दाराचं गणित मला रक्तात असल्यासारखं समजलं. आमच्याकडे खाडीच्या बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळं गाव चिखलात उतरायचं. या बांधावर उभी राहिले तेव्हा इथल्या माणसांची धास्ती मला परकी वाटली नाही. १४२१ च्या नोव्हेंबरात सेंट एलिझाबेथच्या पुराने इथून जवळचा मोठा टापू कायमचा पाण्याखाली घेतला. त्या पुरात एक पाळणा वाहत बांधाला लागला, आत बाळ सुखरूप होतं, आणि एक मांजर इकडून तिकडे उड्या मारत पाळण्याचा तोल सांभाळत होतं, अशी दंतकथा इथे अजून सांगतात. मोठमोठ्या बांधांच्या देशात लोकांनी लक्षात ठेवायला मांजर निवडलं, हे मला फार आवडलं.

दुपारी संग्रहालय केलेल्या एका गोल चक्कीत शिरलो. हे यंत्र होतं तसंच घरही होतं. तळाशी बैठकीची खोली, भिंतीतल्या कपाटांत पलंग, आणि घराच्या वरून दाताळ्या चाकांचा कडकडाट चालू. आतली चाकं लाकडाची. दात झिजू नयेत म्हणून त्यांना मेण लावतात. पात्यांच्या आडव्या दांड्याचं फिरणं उभ्या दांड्यातून खाली येतं आणि तळाशी पाण्याच्या चाकाला मिळतं. ते चाक फळ्या लावलेलं, माणसाच्या तिपटीहून उंच. पाणी फळ्यांनी लोटत ते वरच्या कालव्यात टाकतं. फक्त सव्वा-दीड मीटर. एवढ्यासाठीच ही सगळी घडामोड! पण हे दीड मीटर हजारो एकरांवरून गोळा झालेल्या पाण्याचं होतं. शेतातल्या छोट्या चक्क्या पाणी खालच्या कालव्यात आणायच्या, इथल्या चक्क्या ते वरच्या कालव्यात चढवायच्या, आणि नदी उतरली की दारातून ते बाहेर जायचं. जिन्याची एक पायरी जरी बंद पडली तरी मागच्या सगळ्या शेतांत पाणी साचणार.

बाहेर एक चक्कीवाल्या बाई पाती सोडायच्या तयारीत होत्या. पात्यांचा पसारा सुमारे २८ मीटर, आणि टोक जमिनीपासून हातभर अंतरावरून जातं. म्हणून भोवती कुंपण असतं. चक्कीच्या मागे जमिनीपर्यंत उतरणारी वाशांची शेपटी आहे, तिच्या तळाशी चाक. साखळी जमिनीतल्या खुंटाला अडकवायची आणि अंगाचा भार टाकून चाक फिरवायचं, म्हणजे वरची टोपी पात्यांसकट वाऱ्यासमोर येते. मग पात्यांच्या जाळीवर एकेक करून शिडाचं कापड पसरायचं. वारा जोरात असेल तर अर्धंच. बाई मिनिटाला फेरे मोजत नव्हत्या, समोरून किती पाती गेली ते मोजत होत्या. सगळे चक्कीवाले असंच मोजतात. मधूनच त्या आकाशाकडे बघायच्या. ढग कुठून येतोय हे ज्याला कळत नाही त्याने दोरी सोडू नये, वादळात बेफाम सुटलेली चक्की ब्रेक घासून पेट घेते, असं त्यांनी सांगितलं.

हे ज्ञान जवळजवळ संपलं होतं. १९ व्या शतकाच्या मध्यावर देशात दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या, आज सुमारे बाराशे आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंधन तुटलं तेव्हा किंडरडाइकच्या चक्क्यांनी पुन्हा टापू उपसला, कारण त्या मोडलेल्या नव्हत्या आणि चालवणारी माणसं जिवंत होती. १९७२ साली हौशी चक्कीवाल्यांचा संघ स्थापन झाला. शिकणाऱ्यांना निरनिराळ्या ऋतूंत दीडशे तास प्रत्यक्ष चक्कीवर घालवावे लागतात, मग परीक्षा. किंडरडाइकला जागतिक वारशाचा दर्जा १९९७ मध्ये मिळाला आणि चक्की चालवण्याच्या कसबाला २०१७ मध्ये अमूर्त वारशाचा. मला दुसऱ्याची जास्त किंमत वाटते. इमारत पैसा ओतून दुरुस्त होते. वारा ओळखणारे हात घडवायला माणसाची वर्षं लागतात.

रविवार, झान्स स्खान्स

आज अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला. गर्दी फार, दुकानंही फार. पण झान नदीकाठच्या चक्क्या वेगळ्या गोत्राच्या आहेत, म्हणून आले. यांनी पाणी उपसलं नाही, माल तयार केला: तेल, रंग, कागद, फळ्या. डी काट ही चक्की अजून खडू आणि रंगाचे दगड भरडते. आत शिरताच जडशीळ उभी दगडी चाकं गरगरताना दिसतात, आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं की सगळी इमारत जहाजासारखी हलते.

मी जास्त वेळ घालवला तो २००७ मध्ये नव्याने उभारलेल्या सहा कोनी लाकूडचक्कीत. कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या उइटगेस्टच्या माणसाने १५९३ साली पवनचक्कीवर लाकूड कापण्याचं पेटंट घेतलं. गोल फिरणाऱ्या दांड्याला वाकडा जोड दिला की करवत वर-खाली होते, आणि त्याच ठोक्यासरशी ओंडका दातभर पुढे सरकतो. या फळ्यांतून जहाजं भराभर बांधली गेली. १७ व्या शतकात डच व्यापारी अशाच जहाजांतून कोकणात उतरले, त्यांच्या वेंगुर्ल्याच्या वखारीचे पडके अवशेष मी लहानपणी पाहिले आहेत. त्या भिंतींचा आणि या करवतीच्या आवाजाचा संबंध आज जुळला.

उद्या बेम्स्टर. १६१२ मध्ये चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी तिथलं आख्खं सरोवर उपसून शेतं केली. पाणी उपसणारी त्यांतली एकही चक्की आता तिथे नाही, त्यांची जागा पंपांनी घेतली. भाची म्हणते, सायकलने जायचं आणि चरांच्या रेघा मोजत जायचं, म्हणजे चक्क्या कुठे होत्या ते आपोआप कळतं.