पडद्यामागची ताडी

गोखिवऱ्यात पब होता, असं ऑफिसात सांगितलं तर लोक हसतील. वसई रोडला पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षात चौथा म्हणून लटकायचं, मग रेंज नाका, गाळे, पत्र्याच्या शेड्स, नवे टॉवर. इथे कसला पब? पण आमच्या पट्ट्यात दोन-चार गावांमागे एक असायचाच. पाटीवर पब लिहिलेलं नसायचं इतकंच. 'सरकारमान्य ताडी-माडी विक्री केंद्र' असायचं :)

हे डोक्यात आलं इंग्लंडात ऑनसाइट असताना. एका शुक्रवारी क्लायंटची टीम आम्हाला खेड्यातल्या जुन्या पबमध्ये घेऊन गेली. डोक्याला लागेल इतकी खाली तुळई, शेकोटी, बसून बसून गुळगुळीत झालेली बाकं आणि मधे एक लाकडी पार्टिशन. म्हटलं, हे पाडून मोठा हॉल का नाही करत? तर म्हणे परवानगीच मिळणार नाही, आतली रचना संरक्षित आहे. तिकडे 'कॅमरा' नावाची बिअर पिणाऱ्यांची संघटना आहे, 1971 पासूनची. चांगल्या बिअरसाठी भांडता भांडता त्यांनी जुनं इंटीरियर टिकलेल्या पबांची यादीही केली. मला सगळ्यात आवडल्या त्या धूसर नक्षीच्या काचा. व्हिक्टोरियन काळात पबांना अशा काचा लावत, म्हणजे आत कोण पितंय ते रस्त्यावरून दिसू नये. तेव्हाची लपवाछपवी, आता वारसा.

आमच्याकडे काचेऐवजी गोणपाट होतं.

लहानपणी मामाबरोबर एकदा त्या पडद्याआड गेलो होतो (आईला अजून माहीत नाही). आत कौलारू पडवी, ताडाच्या खोडाच्या फळ्यांची बाकं, कोपऱ्यात मडकी आणि सगळीकडे तो आंबूस वास. बरोबर खायला उकडलेली अंडी, भाजलेला सुका बोंबील. वीटभट्टीवरचे, मिठागरातले, शेतावरून आलेले सगळे एकाच बाकावर. आदिवासी बायकाही निवांत बसलेल्या. पुढे नोकरी लागल्यावर कितीतरी परमिट रूम पाहिल्या, पण हे दृश्य कुठे दिसलं नाही.

मामाच्या मते त्या जागेचं घड्याळ झाडावर होतं. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. उतरवणारा पायाला दोर बांधून चढायचा, फुलोऱ्याची पोय पातळ कापायचा आणि खाली मडकं बांधायचा. रोज सकाळ-संध्याकाळ. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. नाहीतर आंबणं लगेच सुरू. सकाळची गोड, दुपारची आंबट, संध्याकाळची कडक. दुसऱ्या दिवशीपर्यंत व्हिनेगरच्या वाटेला. म्हणजे साठवणं नाही, ट्रकने लांब पाठवणं नाही. झाड जिथे, दुकान तिथे. आमच्या भाषेत सांगायचं तर हे कॅशच करता येत नाही.

मग एवढ्या साध्या गोष्टीला पडदा का? कारण सरकार फार आधीपासून आत येऊन बसलंय. 1878 चा मुंबई आबकारी कायदा आला, झाडांवरचा कर वाढला आणि पिढ्यानपिढ्या ताडी काढणारे भंडारी आपल्याच झाडाखाली परवान्याचे गिऱ्हाईक झाले. (ज्या भंडारी मिलिशियात मुंबई पोलिसांचं मूळ सांगतात, ते हेच भंडारी. असो.) 1892 मध्ये तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरही कायदा आला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा. पुढे बंदी सैल झाली तरी परवाना राहिला, आणि 'परमिट रूम' हा शब्दही त्यातूनच आला. तिथला अंधार, काळ्या काचा, भिंतीकडे तोंड करून बसणं, हे आपल्या पबचं इंटीरियर. डिझायनर कोण? कायदा आणि शेजारी.

ताडीवाल्यांना सोवळं ठरवायचा माझा हेतू नाही. त्या पडव्यांत घरं बुडालेलीही आहेत. आणि झाडं कमी होत गेली तशी क्लोरल हायड्रेट मिसळलेली बनावट ताडी आली, माणसं मेली. झाडाशिवाय ताडी म्हणजे विषच. 2009 मध्ये महापालिका आली, जमिनीला सोन्याचा भाव आला. ताड ठेवतो कोण? चढणाऱ्यांची पोरं आज रिक्षा चालवतात किंवा माझ्यासारखी एसीत बसतात, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये. पण ती पडवी कशी होती याचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. लाजेच्या जागेचा फोटो कोण काढणार?

गेल्या रविवारी मामाला विचारलं, त्यातलं एखादं काही ठेवता आलं असतं तर काय ठेवलं असतंस? मला वाटलं मडकं म्हणेल.

"बाकडं," तो म्हणाला. "कडेला कोयत्याने खाचा मारलेल्या होत्या, उधारीच्या. तुझ्या आजोबांच्या सात."