कालाढुंगीचे घर आणि पाऊण तोळ्याची गोळी

नैनितालचे सरोवर पाहून परतणारे प्रवासी बहुधा काठगोदामच्या गाडीची घाई करतात. ती घाई एक दिवस आवरावी आणि दुसऱ्या बाजूने डोंगर उतरून कालाढुंगीस जावे, असे आमचे सांगणे आहे. कुमाऊँचे डोंगर जेथे संपतात आणि भाबरचे सालवृक्षांचे रान सुरू होते, तेथे हे लहानसे गाव आहे. नैनिताल, हल्द्वानी व रामनगर येथून येणारे रस्ते या ठिकाणी एकमेकांस मिळतात. जवळच छोटी हल्द्वानी नावाची वस्ती आहे. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून तिच्याभोवती घातलेला दगडी गडगा आजही दिसतो. तो घालणारा गृहस्थ म्हणजे जिम कॉर्बेट. त्याचे हिवाळी घर आता वनखात्याने संग्रहालय म्हणून जतन केले आहे.

घर बैठे आणि साधे आहे. नरभक्षकांचा कर्दनकाळ म्हणून जगभर नाव झालेल्या माणसाच्या घरी काही थाटमाट असेल अशी कल्पना करून जाणाऱ्याची निराशा होते. आत जुने सामान, छायाचित्रे व पत्रे आहेत. आम्हीही इतर पाहुण्यांप्रमाणे प्रथम भिंतीवर ती प्रसिद्ध रायफल शोधली. पण ती येथे नाही. लंडनच्या रिगबी या बंदूककारांनी घडवलेली ही .२७५ रायफल संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी १९०७ साली चंपावतच्या वाघिणीस मारल्याबद्दल कॉर्बेटला भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. आज ती रिगबींच्याच संग्रही असून २०१६ साली काही दिवसांपुरती कुमाऊँच्या भेटीस आणली होती.

या रायफलीचे काडतूस मुळात जर्मनीच्या माऊझर कारखान्याने १८९० च्या दशकात सैनिकांसाठी काढलेले, सात मिलिमीटर जातीचे. तिची १४० ग्रेनची गोळी आपल्या जुन्या मापाने पाऊण तोळ्याहून किंचित अधिक भरते. घरातल्या सोनारी तराजूत सहज मावेल एवढ्या शिशाने वाघ कसा पडावा, असा प्रश्न कोणासही पडेल. कॉर्बेटपाशी दुसरी एक दुनळी रायफलही होती, ४५०/४०० जातीची. ४५० मापाच्या पितळी कोषाची मान आवळून तीत ४०० मापाची गोळी बसवलेली, असा त्या दोन आकड्यांचा अर्थ. ही गोळी सव्वादोन तोळ्यांच्या घरात जाते. मग डोंगर चढताना कोणती न्यावी?

जाणते शिकारी याचा निर्णय तीन गोष्टी पाहून करीत. पहिली, सावजाची कातडी आणि हाडे. वाघाची कातडी मऊ. त्याला टोक उघडे ठेवलेली, आत शिरताच फुलणारी गोळी चालते. हत्ती किंवा गवा यांना मात्र पूर्ण धातूचे कवच असलेली, न फुलता खोल जाणारी गोळी लागते. फुलणाऱ्या गोळीचे एक नाव आपल्या देशातूनच जगभर गेले: कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यावरून तिला दमदम गोळी म्हणू लागले, आणि १८९९ च्या हेग परिषदेत ती युद्धात वर्ज्य ठरली. दुसरी गोष्ट हवेची. उन्हात तापलेल्या कॉर्डाइट दारूचा दाब वाढतो आणि कोष नळीत अडकू शकतो. म्हणून उष्ण देशांसाठीच्या मोठ्या काडतुसांत दाब मुद्दाम कमी ठेवीत. धावून येणाऱ्या जनावरापुढे अडकलेला कोष म्हणजे साक्षात मृत्यू. तिसरी गोष्ट नेमबाजाच्या खांद्याची. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटणाऱ्यास जड रायफल काय कामाची?

आफ्रिकेत वॉल्टर बेल या शिकाऱ्याने याच .२७५ च्या कवचबंद गोळीने शेकडो हत्ती मारले; पण त्यास हत्तीच्या मेंदूची जागा कोणत्याही बाजूने अचूक ठाऊक होती. ज्यास ती ठाऊक नाही, त्याच्या हाती तीच गोळी क्रौर्याचे साधन ठरते.

याचा पुरावा चंपावतच्या वाघिणीने दिला. तिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. तिच्या शिकारीस निघताना कॉर्बेटने तीनच काडतुसे घेतली होती: दोन बार करण्याची संधी मिळाली तर पुष्कळ, आणि तिसरे अडीअडचणीस, असा त्याचा हिशेब. तिन्ही संपली तरी जखमी वाघीण समोर होतीच. शेवटी धावत जाऊन तहसीलदारांची मोडकळीस आलेली बंदूक आणावी लागली. वाघीण पडल्यावर तिचे तोंड उघडून पाहिले, तो उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले. कॉर्बेटच्या मते ती जुन्या गोळीची जखम होती आणि त्यामुळेच नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. कोणा अनामिकाने एक बार वाईट काढला, जखमी जनावराचा माग सोडून तो घरी गेला, आणि त्याचे मोल कुमाऊँ व नेपाळच्या खेड्यांतील गवत कापणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या बायाबापड्यांनी चुकते केले. काडतूस निवडणे हा शौकाचा प्रश्न नसून दायित्वाचा होता, हे त्या तुटलेल्या सुळ्यांवरून समजते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही निवड आपल्याकडे इतिहासजमा झाली. आम्हा ग्वाल्हेरकरांना यात विशेष अर्थ आहे. शिंदे सरकारांच्या काळी शिवपुरीच्या ज्या रानात पाहुण्यांसाठी हाके होत, त्याच माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३ साली वाघ बाहेरून आणून सोडावे लागले. ज्या घरांत आजोबांच्या शिकारीचे फोटो आणि रिकामी पितळी काडतुसे अजून कपाटात आहेत, त्यांनी ती फेकू नयेत. पण मुलांना दाखवताना किती वाघ पडले एवढेच सांगून थांबू नये. किती जखमी होऊन रानात निसटले आणि त्यांच्या मागे कोण गेले, हेही सांगावे. आणि सवड मिळताच त्यांना घेऊन कालाढुंगीस जावे. हिवाळा त्यास उत्तम. संग्रहालय पाहून झाल्यावर दगडी गडग्याच्या कडेने थोडे चालावे. जो माणूस अचूक बार काढी, त्यानेच शेतकऱ्यांची पिके राखण्यासाठी हे दगड रचून घेतले होते.