तारेचें मोल आणि दोऱ्याचें मोल

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला नवा छंद जडूं नये, असें एखाद्या स्मृतिकारानें लिहून ठेवलें असतें, तर आमचे अडतीस हजार रुपये वांचले असते. पण तसें कोणीं लिहिलेलें नाहीं. आणि ॲम्प्लिफायरपासून दोन स्पीकरांपर्यंत नेण्यासाठीं आम्हीं अडतीस हजारांची केबल विकत घेतली. वाचकांनीं हंसण्यापूर्वीं आमची बाजू ऐकून घ्यावी.

आमचें बिऱ्हाड नाशिकच्या अंबड भागांत आहे. या औद्योगिक वसाहतींत विजेचीं उपकरणें बनविणारे कारखाने आहेत, आणि तांब्याच्या तारेचे गुणदोष जाणणारीं माणसें गल्लोगल्लीं भेटतात. अशा ठिकाणीं राहून आम्हीं तारेच्याच बाबतींत फसावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! वडिलांनीं मागें ठेवलेल्या तबकड्यांत दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांच्या कांहीं आहेत. 1921 सालीं नाशकांत जन्मलेले हे गायक 1955 सालीं, अवघे चौतीस वर्षांचे असतांना वारले. वडील त्यांची तबकडी लागली कीं डोळे मिटून बसत. त्यांना जें ऐकूं येई तें आपणांसही ऐकूं यावें, एवढीच आमची इच्छा. दुकानदारानें ती ओळखली. “बाकी सारें उत्तम आहे, मधली तार तेवढी हलकी. आवाज तिथेंच अडतो,” असें तो म्हणाला. केबल जोडली त्या रात्रीं आम्हांस स्वरांवरचा पडदा दूर झाल्याचा भास झाला, आणि तसें आम्हीं चारचौघांत सांगितलेंही.

आमचे शेजारी एका कारखान्यांतून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, “सर, वीज कांहीं किंमत विचारून वाहत नाहीं.” मग त्यांनीं कागदावर हिशेब मांडला. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार, प्रत्येक स्पीकरपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. तिचा रोध सुमारें 0.055 ओहम. स्पीकरचा 8 ओहम. आवाजांत घट येते ती सुमारें 0.06 डेसिबल, आणि एका डेसिबलचा फरकसुद्धां कानाला जेमतेम कळतो. तार फार बारीक असेल, किंवा फार लांब न्यावयाची असेल, तर गोष्ट निराळी. एरव्हीं हजार रुपयांच्या आंतली तार तेंच काम करील.

कागदावरचें गणित आमच्या कानांना मान्य होईना. तेव्हां परीक्षा ठरली. शेजाऱ्यांनीं चादरीआड बसून कधीं आमची केबल, कधीं त्यांची तार जोडावयाची. कोणती जोडावयाची तें सौभाग्यवतींनीं नाणें उडवून ठरवावयाचें, आणि दुधाच्या वहींत टिपून ठेवावयाचें. वीस वेळां आम्हीं उत्तर दिलें. अकरा बरोबर आलीं. आम्हींही नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं, तरी सरासरीनें दहा बरोबर आलीं असतीं! मनुष्याच्या बुद्धीला भुलविणाऱ्या ज्या ‘मूर्ती’ बेकननें 1620 सालीं वर्णिल्या, त्या आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. त्यांतलीच एक आमच्या दिवाणखान्यांत, स्पीकरच्या मागें, वेटोळें घालून बसली होती.

सौभाग्यवतींनीं कांहीं न बोलतां वही मिटली. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस कळला. त्यांचा मिरजेचा तंबोरा भोपळ्याला चीर गेल्यामुळें चार वर्षें माळ्यावर पडून होता. गेल्या दिवाळींत त्यांनीं दुरुस्तीचें नांव काढलें, तेव्हां आम्ही “पाहूं” म्हणालों होतों. आणि नंतर दोनच महिन्यांनीं केबल आली.

म्हणून जोडणीला महत्त्व नाहीं असें मात्र नव्हे. शेजाऱ्यांनींच आमचें लक्ष सुईकडे वेधलें. लाँगप्ले तबकडीच्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें 18 मायक्रॉन. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची खांच रुंद, तिला सुमारें 75 मायक्रॉनची सुई लागते. आमची बारीक सुई खांचेच्या तळाशीं, वर्षांनुवर्षें सांचलेल्या धुळींत घसटत चालली होती. योग्य सुई तीन हजारांच्या आंत मिळाली, आणि खरखरीमागून बुवांचा स्वर खरोखर पुढें आला. या वेळीं वहीची गरज भासली नाहीं. सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. उघड्या फरशीवर सतरंजी आणि भिंतीला गोधडी लावल्यावर खोलींतला घुमाराही ओसरला. हार्वर्ड येथें वॅलेस सॅबिन यांनीं 1895 सालापासून सभागृहांत गाद्या मांडून नि काढून घुमाऱ्याचें हेंच गणित बसविलें होतें.

पुढील सुटींत आम्ही उभयतां तंबोरा घेऊन मिरजेस गेलों. कारागिरानें भोपळा सांधला, घोडीवर जवारी काढली, आणि तारेखालीं एक सुती दोरा सरकविला. दोरा थोडा इकडे, तार मुकी. केसभर तिकडे, आणि एका तारेंतून स्वरांचें मोहोळ उठलें! तार घोडीच्या उतरत्या पाठीला हलकेंच घासत राहते, म्हणून हे वरचे स्वर जागे होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालीं आपल्या वाद्यांच्या या घोडीवर निबंधच लिहिला. त्या दोऱ्याचे कारागिरानें पैसे घेतले नाहींत.

वडिलांना जें ऐकूं येई तें आम्हांस अद्याप ऐकूं आलेलें नाहीं, आणि कोणत्याही तारेंतून तें येणार नाहीं. तें त्यांच्या मिटल्या डोळ्यांआड होतें. पण संध्याकाळीं तंबोरा लागतो तेव्हां आम्हीही डोळे मिटून बसतों. परवां आम्ही ती महागडी केबल काढावयास निघालों, तर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, राहूं द्या. अडतीस हजारांची आहे.”