कंसातलं नाव

स्पंज ओळखायचा असेल तर आधी तो नाहीसा करावा लागतो. नखाएवढा तुकडा परीक्षानळीत टाकायचा, वरून नायट्रिक ॲसिड ओतायचं, धुराच्या कपाटात ठेवून मंद तापवायचं. जिवंत असतानाचं सगळं विरघळून जातं. तळाशी चिमूटभर पांढरी पूड उरते. ती चार-पाच वेळा धुवून काचपट्टीवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली की दिसतात सुया. काचेच्या, म्हणजे खरोखर सिलिकाच्या. यांना स्पिक्यूल म्हणतात. स्पंजाची जात ठरवताना सगळ्यात जास्त भाव या सुयांना.

कारण बाकी कशावर विश्वास ठेवावा? आकारावर नाही. एकच जात वाहत्या पाण्यात दगडावर साय धरावी तशी पसरते आणि साचलेल्या पाण्यात गोळा होऊन बसते. रंगावरही नाही. गोड्या पाण्यातला स्पंज उन्हात हिरवा दिसतो, कारण त्याच्या पोटात शेवाळ राहायला आलेलं असतं, आणि तोच सावलीत मातकट होतो. हा प्राणी आहे की वनस्पती यावरच लोक कित्येक शतकं घोळ घालत होते. १८२५च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश डॉक्टरने समुद्रातला जिवंत स्पंज पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या भोकांतून पाण्याची धार सतत बाहेर पडताना दिसली. पाणी बारीक छिद्रांतून आत, मोठ्या भोकातून बाहेर, मधल्या मध्ये गाळून खाणं. पोरिफेरा, म्हणजे छिद्रधारी, हे नाव त्यानेच रूढ केलं. (याच ग्रँटबरोबर विद्यार्थी असलेला डार्विन किनाऱ्यावर भटकायचा.)

आज स्पंजांच्या ९,०००हून जास्त जाती माहीत आहेत, बहुतेक समुद्रातल्या. मी ज्या प्रोजेक्टवर सहायक आहे तो गोड्या पाण्यातल्या स्पंजांचा. जगभरात मिळून जाती अडीचशेच्या आसपास. कॅन्सरवरच्या औषधांचं वलय समुद्री स्पंजांना आहे. आमच्यांना वलय नाही, वास आहे. उग्र. बसमध्ये डबा उघडला तर शेजारचा माणूस उठून जाईल असा.

आणि तरीही या अभ्यासातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत लिहिलं गेलंय. हेन्री जॉन कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात डॉक्टर होता, मुंबईत नेमणुकीला. पेशंट बघून उरलेल्या वेळात तो शहरातल्या तळ्यांतून स्पंज काढून मायक्रोस्कोपखाली बघायचा. मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवरचा त्याचा लेख १८४९मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात छापून आला. त्यातल्या जाती आजही यादीत आहेत. पुढे तो इंग्लंडला परतला, समुद्रकाठच्या एका छोट्या गावात राहिला आणि १८९५मध्ये मरेपर्यंत जगभरातून पोस्टाने येणारे स्पंज ओळखत बसला. मला हेवा वाटतो.

आता नावं बघा. त्यातली एक जात अशी लिहितात: स्पंजिला आल्बा कार्टर, १८४९. दुसरी अशी: डोसिलिया प्लुमोसा (कार्टर, १८४९). दोन्ही त्याच माणसाने, त्याच लेखात, मुंबईच्याच पाण्यातून वर्णन केल्या. मग एकीला कंस आणि एकीला नाही, हे का? ही छपाईची चूक नव्हे, नियम आहे. नाव देणाऱ्याने जात ज्या प्रजातीत ठेवली होती तिथेच ती अजून असेल, तर त्याचं नाव उघडं लिहायचं. नंतर कोणी तिला उचलून दुसऱ्या प्रजातीत नेलं असेल, तर मूळ माणसाचं नाव कंसात. थोडक्यात, कंस म्हणजे घर बदललंय.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो युनॅपियस कार्टेरी (बॉवरबँक, १८६३). हाही कार्टरला मुंबईत सापडला होता. त्याला वाटलं, ही युरोपातली माहीत असलेलीच जात असावी. लंडनमध्ये बॉवरबँकने ती वेगळी आहे असं म्हटलं आणि तिला कार्टरचंच नाव दिलं. पुढे प्रजाती बदलली, बॉवरबँक कंसात गेला.

आमच्या घरी कंसाचा प्रश्न आजीला पडलाय. आम्ही धोबी तलावचे. म्हणजे आजी तसं सांगते. आम्ही नऊ वर्षं नालासोपाऱ्यात भाड्याने राहतोय, कारण चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, पाडली गेली, आणि बिल्डरकडून भाडं येणं तिसऱ्या वर्षी थांबलं. मोकळ्या जागेभोवती पत्रे आहेत. बँकेचा फॉर्म आला की आजी मला हाक मारते. ‘सध्याचा पत्ता’ ती सांगते तसा मी लिहिते. ‘कायमचा पत्ता’ आला की तिचा आवाज चढतो, “धोबी तलावच लिही गं. एकदा इथलं घातलंस की गेली खोली.” आधार कार्डावरही तिने पत्ता बदलू दिलेला नाही. बाबा म्हणतात, “आई, कागदावर आहे म्हणून खोली आहे असं नसतं.” आजी उत्तर देत नाही. मला दोघांचंही पटतं, आणि मी फॉर्म भरते. धोबी तलावात तलाव नाही, गवालिया टँकलाही टँक नाही, हे तिला सांगण्यात काही अर्थ नाही. तिला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

सांगाड्यावरून नातं ठरवण्यातही फसगत होते. चुनखडीत स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाचे जीवाश्म सापडतात, थरावर थर, दगडी पराठ्यासारखे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी यांनी समुद्रात मोठाल्या भित्ती उभ्या केल्या होत्या. पण हे होते कोण? खूप जणांनी त्यांना प्रवाळांच्या बाजूला बसवलं. मग जमैकाच्या प्रवाळभित्तीतल्या काळोख्या कपारींत टॉमस गोरो या पाणबुड्या संशोधकाला दगडासारखे कडक स्पंज दिसले. खाली चुन्याचा भरीव सांगाडा, वर पातळ जिवंत थर, त्यात काचेच्या सुया. वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा न वाढणारे. गोरो आणि विलार्ड हार्टमन यांनी १९७०मध्ये त्यांच्यासाठी अख्खा नवा वर्ग काढला, स्क्लेरोस्पंजी, आणि ते जुने जीवाश्मही यांच्याच जवळचे, असं सुचवलं. गोरो त्याच वर्षी वारला.

त्यातलं अर्धं टिकलं. स्ट्रोमॅटोपोरॉइड आज स्पंजच मानले जातात. पण तो नवा वर्ग पंधराएक वर्षांतच मोडीत निघाला. झाँ व्हासले आणि इतरांनी या कडक स्पंजांच्या सुया आणि मऊ भाग नीट पाहिले, तर ते एका घरातले नव्हतेच. चुन्याचा पाया घालण्याचं काम वेगवेगळ्या घराण्यांनी आपापलं केलं होतं. पाया सारखा, माणसं वेगळी. डीएनए आल्यावर तर सुयांवरून केलेली मांडणीही ठिकठिकाणी हलली. २०१५मध्ये सगळ्यात मोठ्या वर्गाची पुनर्मांडणी झाली, त्यात आमच्या गोड्या पाण्यातल्यांना स्वतंत्र गण मिळाला. मला बरं वाटलं, उगाचच.

मे महिन्यात मी आमच्या घराजवळच्या तलावावर गेले. पाणी पायऱ्यांच्या खूप खाली उतरलेलं. जुन्या दगडी काठावर स्पंजाचा वाळलेला पापुद्रा होता, आणि बोटाने खरवडल्यावर त्यातून खसखशीहून बारीक पिवळट गोळे निघाले. ही जेम्यूल. स्पंज मरतो, पण आधी जिवंत पेशींची अशी पुडकी बांधून ठेवतो. ती उन्हाळा कोरडा काढतात आणि पाणी मिळालं की प्रत्येकातून नवा स्पंज येतो. एक गोळा आडवा कापून मायक्रोस्कोपखाली पाहिला. वेष्टनात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या बारीक खोल्या, थरावर थर. सुया गुळगुळीत, दोन्ही टोकांना अणकुचीदार. कार्टेरी.

आजीने भिंगातून बघितलं आणि विचारलं, “ह्यांना पाणी कधी द्यायचं?”

काही गोळे मी कपाटात कोरडेच ठेवलेत, काही स्पिरिटमध्ये. त्या काठावर आता सुशोभीकरणाचं काम चालू आहे. अर्धे दगड निघालेत, जॉगिंग ट्रॅकची पाटी लागलीय. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ठिकाण लिहावं लागतं, पेन्सिलीने, कारण स्पिरिटमध्ये शाई पसरते. ठिकाणाच्या रकान्यात मी तलावाचं नाव लिहिलं, पुढे ‘पूर्वेचा दगडी काठ, पाण्यापासून वर सहावी पायरी’.