जुना ट्रॅक्टर : चालू घ्यावा का बंद पडलेला?



दोन महिन्यांत सात-आठ जणांनी विचारलं, "तुमच्या आखाड्यावर ते जुनं दोनशे पंच्याहत्तर उभं दिसतंय, चालू आहे का? कितीला घेतलं?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. कुणी जुन्या ट्रॅक्टरच्या विचारात असेल तर त्याच्या कामी येईल.

आधी आमचा हिशोब. सात एकर काळी भारी जमीन, सोयाबीन-तूर, पाणी राहिलं तर हरभरा. एवढ्याला नवीन सहा-सात लाखांचा ट्रॅक्टर घेतला तर हप्ता ट्रॅक्टर भरत नाही, आपण भरतो. म्हणून आजवर सगळं भाड्यानं. नांगरट एकरी २,२००, रोटाव्हेटर १,४००, पेरणी १,०००, वरून रब्बी आणि ट्रॉलीच्या खेपा. वर्षाला ४२ हजारांच्या आसपास जातात. पैशाचं एवढं दुःख नाही. दुःख वाफशाचं आहे. सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे, आणि तो झाला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर पाहिजे. आपला नंबर येईपर्यंत वरची ओल उडालेली असते.

दिवाळीला सोयाबीन विकलं तेव्हा ठरवलं, जुना का होईना, आपला ट्रॅक्टर घ्यायचा. त्याच वेळी थोरल्या भावाचा मुलगा चाकणहून परत आला. आयटीआय झालेला, डिझेल मेकॅनिक. कंपनीतलं कंत्राट संपलं. भाऊ आता नाही. वहिनीचं म्हणणं, पोरानं परत तिकडंच दुसरं काम बघावं. पोराचं म्हणणं, गावातच गॅरेज टाकतो.

दोन ट्रॅक्टर बघण्यात आले, दोन्ही बी-२७५. एक चालू, रंग मारलेला, सांगितले १ लाख ८५ हजार. दुसरा शेजारच्या तालुक्यात लिंबाखाली नऊ वर्षं उभा, इंजिन जाम, सांगितले ५५ हजार. पोरगा म्हणाला, "काका, चालू घेतला तर तुमचं काम होईल. बंद घेतला तर माझं काम होईल." ह्या एका वाक्यानं मला पंधरा दिवस झोप नीट लागली नाही.

बी-२७५ च का, तेही सांगतो. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि १९६५ पासून हे मॉडेल बाजारात आलं. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर. पुढं २७५ चा नंबर कंपनीनं चालूच ठेवला, त्यामुळं जुन्याचा पार्ट तालुक्याच्या गावात विचारला तर दुकानदार तोंड वाकडं करत नाही. उलट एचएमटी बघा. ट्रॅक्टर दणकट, पण २०१६ साली सरकारनं त्यांचा ट्रॅक्टरचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला. जुना ट्रॅक्टर घेताना इंजिनाच्या आधी पार्टाचं दुकान बघावं.

पोरगा मोबाईलवर इंग्लंडातले व्हिडिओ बघतो. तिकडं हाच प्रश्न जुन्या स्पोर्ट कारचा असतो, तयार घ्यायची का मोडकी घेऊन घरी उभी करायची. एमजीबी नावाची दोन दरवाजांची गाडी, १९६२ ते १९८० ॲबिंग्डनला बनली. तिला आपल्या जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, पत्रा हाच सांगाडा. दरवाजाखालचा पत्रा गंजला की कापून नवा जोडायचा. म्हणून तिकडचे जाणकार सांगतात, इंजिन बिघडलेलं चालेल, पत्रा कुजलेला नको. मला ते बघताना आपला ट्रॅक्टर समजला. ट्रॅक्टरलाही चॅसिस नाही. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स, मागचं डिफरन्शियल एकाला एक बोल्टनं जोडलेलं, तेच त्याचं हाड. बॉनेट आणि मडगार्ड म्हणजे अंगावरचा सदरा. सदरा कधीही बदलता येतो. बिडाच्या हाडाला तडा गेला तर मात्र संपलं. रंगाकडं बघून पैसे देऊ नका, एवढं त्यातून घ्या.

चालू ट्रॅक्टर बघताना

मालकाला न सांगता सकाळी जा. इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलाय असं समजा. गार इंजिन कसं उचलतं तेच बघायचं असतं. धूर बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय, चालू झाल्यावर बराच वेळ पांढरा म्हणजे कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल खराब, लोड नसताना काळा म्हणजे पंप-नोझलचं काम. ऑईल भरायचं झाकण उघडा, भकाभक वाफ आली तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, बोअर-पिस्टन जवळ आले. डिपस्टिकवर ऑईल ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केटपासून ब्लॉकच्या तड्यापर्यंत काहीही निघू शकतं. इंजिन गरम झाल्यावर ऑईल प्रेशरचा काटा बघा, गार असताना तो सगळ्यांचाच चांगला असतो. लिफ्टला नांगर लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि एक चहा प्या. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर हायड्रोलिकचं काम आहे.

आम्ही बघितलेल्या चालू ट्रॅक्टरचा नांगर अर्ध्या चहात टेकला, आणि क्लचही शेवटाला आलेला. म्हणजे १ लाख ८५ हजारांवर २५ हजार. झाले २ लाख १० हजार.

बंद ट्रॅक्टर बघताना

पहिल्यांदा सायलेन्सर बघा. त्यावर डबा उपडा घातलेला असेल तर मालकाच्या मनात कधीतरी चालू करायचं होतं. उघडा असेल तर नऊ पावसाळ्यांचं पाणी सिलिंडरात गेलंय असं धरा. आमच्यावर डबा होता, पण गंजून भोक पडलेला.

दुसरं, ट्रॅक्टर पूर्ण आहे का? पंप, स्टार्टर, डायनामो, लिफ्टचे आर्म, टॉप लिंक. सुटे सुटे गेलेले पार्ट गोळा करण्यात इंजिनाएवढे पैसे जातात. अर्धा ट्रॅक्टर अर्ध्या किमतीत मिळाला तरी महाग.

तिसरं, इंजिन जाम आहे म्हणजे मेलं असं नाही. नोझल काढून सिलिंडरात डिझेल-रॉकेल ओतून आठ दिवस ठेवा, मग हळू हलवून बघा. जोर करू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून सोडवायचा सल्ला देणारे गावात पुष्कळ भेटतात, त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ब्लॉकही फुटतो.

आता अंदाजपत्रक. पोरानं आणि आमच्या जुन्या मिस्त्रीनं बसून काढलेलं :

ट्रॅक्टर ५५ हजार. इंजिनाचं काम, क्रँक ग्राइंडिंगसह, ६० हजार. पंप-नोझल १२ हजार. क्लच ८ हजार. लिफ्ट १० हजार. मागची टायर जोडी ३५ हजार. बॅटरी, स्टार्टर, वायरिंग १४ हजार. रेडिएटर ५ हजार. वाहतूक आणि कागदपत्रं ११ हजार. एकूण २ लाख १० हजार.

बघा, चालू ट्रॅक्टरएवढेच झाले. आणि ह्यात जोडणीची मजुरी शून्य धरली आहे, कारण पोरगा घरचा. बाहेरचा फिटर लावला तर अजून वीस हजार. मजुरी वाचते, पार्ट वाचत नाही. शिवाय तो तयार होईपर्यंत वर्षभर भाडं चालूच. ४२ हजारांतून आपलं स्वतःचं डिझेल लागलं असतं ते १४ हजार वजा केलं तरी २८ हजार राहतात. म्हणजे बंद ट्रॅक्टर २८ हजारांनी महाग. स्वस्तात पडतो म्हणून कुणी बंद ट्रॅक्टर घेत असेल तर त्यानं आधी हा हिशोब करावा.

कागद

बंद ट्रॅक्टरमध्ये इंजिनापेक्षा कागद जास्त अडकतात. आरसी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला फॉर्म २५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. आणि लिंबाखालचे बरेच ट्रॅक्टर वारलेल्या माणसाच्या नावावर असतात. तिथं आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१, मगच तुमच्या. चॅसिस नंबर घासून बघा, आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कागद नसलेला ट्रॅक्टर पार्टासाठी घ्या, ट्रॅक्टर म्हणून घेऊ नका. आमचा मालक म्हणत होता, "घेऊन जा, कागद मागून बघू." आम्ही उलट केलं. वारसाची सही आणि फॉर्म हातात आले, मग पैसे.

हो, आम्ही बंदच घेतला.

का घेतला? २८ हजारांत मला पोराचं शिक्षण दिसलं. इंजिन पूर्ण उघडून स्वतःच्या हातानं बसवलेला मेकॅनिक आणि दुसऱ्याच्या हाताखाली पाना दिलेला मेकॅनिक, ह्यात फरक आहे. गावात चौदा जुने ट्रॅक्टर आहेत आणि मिस्त्री वीस किलोमीटरवर. पण वहिनीनं तीन अटी घातल्या आणि त्या मला पटल्या. एक, शेतावर कर्ज काढायचं नाही. दोन, यंदाच्या नांगरटीचं आणि पेरणीचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवायचं, शेत ह्या ट्रॅक्टरच्या भरवशावर सोडायचं नाही. तीन, गुढीपाडव्यापर्यंत इंजिनाचा आवाज आला नाही तर पोरगा परत चाकणला जाईल आणि ट्रॅक्टर पार्टाच्या भावात विकायचा.

आज काय स्थिती? इंजिन बाराव्या दिवशी सुटलं. ब्लॉकला तडा नाही, ही मोठी गोष्ट. दोन नंबरच्या सिलिंडरात पाणी गेलं होतं, तिथं गंजाचा पट्टा, लायनर चारही नवीन. क्रँक आधीच वीसवर घासलेला निघाला, आता तीसवर केला. त्याच्यापुढं अजून एकदाच घासता येईल, म्हणजे ऑईल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलायचे. हाफ इंजिन बसलं आहे, पंप कॅलिब्रेशनला गेला आहे. आतापर्यंत अंदाजापेक्षा सहा हजार जास्त लागले. टायर सगळ्यात शेवटी, रंग त्याच्याही नंतर. रंगाला पोरगा फार उतावीळ आहे, त्याला सांगून ठेवलंय, आधी लिफ्ट.

मंडळी, सल्ला एवढाच. शेत ज्याच्यावर अवलंबून राहणार असेल तो ट्रॅक्टर चालूच घ्या, वीस हजार जास्त गेले तरी चालतील. बंद घ्यायचा तर घरात हात असलेला माणूस पाहिजे, भाड्याचे पैसे वेगळे पाहिजेत, आणि कुठं थांबायचं ती तारीख घेण्याआधी ठरलेली पाहिजे. ह्या तिन्हींतलं एक जरी नसेल तर तो ट्रॅक्टर तुमच्याही आखाड्यावर लिंबाखालीच उभा राहील.

पाडव्याला अजून सात आठवडे आहेत. कुणाकडं बी-२७५ ची चांगली टॉप लिंक पडून असेल तर कळवा, योग्य पैसे देऊन घेऊन जाऊ.