सत्काराचा अधिकार

सामायिक व्यासपीठावर ज्या समाजाला आपली माणसे दिसत नाहीत, तो समाज कधी ना कधी स्वतःचे व्यासपीठ उभारतो. अल्पसंख्य भाषिकांची संमेलने, जातीजमातींचे गुणगौरव, धर्मसमूहांचे साहित्यपुरस्कार, तृतीयपंथीयांच्या सौंदर्यस्पर्धा ही सारी त्याच गरजेची रूपे आहेत. त्यांच्यावरचा आक्षेपही ठरलेला आहे: सर्वांसाठी पुरस्कार असताना ही वेगळी चूल कशाला? हा प्रश्न बहुधा ज्याची चूल आधीपासून पेटलेली आहे, तोच विचारतो. हुबळी-धारवाड या जोडशहरात मात्र त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी तपासता येते, कारण इथे सरहद्द सरकली आणि तिच्याबरोबर कोण यजमान, कोण पाहुणा हेही बदलले.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर धारवाड मुंबई इलाख्यात गेले. जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे कन्नड बोलणारी. पण कारभाराची वहिवाट पेशव्यांच्या काळापासून मराठीची, आणि मुंबई-पुण्याकडून येणारे अंमलदार व शिक्षकही बरेचसे मराठी. शिकलेल्या कन्नड माणसालाही चारचौघांत मराठी बोलणे प्रतिष्ठेचे वाटे. शिक्षण खात्यातले डेप्युटी चन्नबसप्पा यांना कन्नड मुलखात कन्नड शाळा वाढाव्यात म्हणून झटावे लागले. रंगभूमीवरही तेच चित्र होते. मराठी नाटक मंडळ्या या भागात खेळ करीत आणि कन्नड प्रेक्षक ते आवडीने पाहत. ते पाहून गदगचे सक्करी बाळाचार्य, म्हणजे शांतकवी, यांनी १८७०च्या दशकात कन्नड नाटक मंडळी उभी केली. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगाव गुर्लहोसूर याच परिसरातले, सौंदत्तीजवळचे. एकाच मातीत दोन रंगभूम्या वाढत होत्या. एकीला राजमान्यता होती, दुसरीला ती स्वतःच स्वतःला द्यावी लागत होती.

२० जुलै १८९० रोजी रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडमध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. कन्नडमध्ये पुस्तके लिहिली जावीत, लिहिणाऱ्याला उत्तेजन मिळावे, ती छापली जावीत, हा त्याचा हेतू होता. १८९६ मध्ये संघाचे ‘वाग्भूषण’ हे मासिक निघाले. १९०७ मध्ये धारवाडातच कन्नड ग्रंथकारांचे संमेलन भरले. त्यात आलूर वेंकटराव यांचा मोठा वाटा होता. पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा १८७८ मध्येच भरली होती. तिच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी कन्नड लेखक आपल्याच गावात आपल्या नावाने एकत्र बसले.

मराठी वाचकाने हा इतिहास नीट ध्यानात घ्यायला हवा. धारवाडात कन्नड माणूस संख्येने कधीच थोडा नव्हता, तरीही त्याला आपली सभा, आपले मासिक, आपला गौरव निराळा उभारावा लागला. अल्पसंख्यपण डोकी मोजून ठरत नाही. गुणाची पारख कोण करतो, कोणत्या भाषेत करतो आणि त्या पारखणाऱ्यांत आपले कोणी आहे का, यावरून ते ठरते. आणि या गोष्टीत मराठी भाषा उपेक्षितांच्या बाजूला नव्हती.

मराठीच्या घरातही हाच प्रश्न त्याच सुमारास उभा राहिला. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते पत्राने नाकारले. जे लोक माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. पुढे ख्रिस्ती मराठी लेखकांचे संमेलन १९२७ मध्ये नाशिकला भरले, दलित साहित्य संमेलन १९५८ मध्ये मुंबईत भरून त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले, मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात आणि विद्रोही साहित्य संमेलन १९९९ मध्ये धारावीत भरले. ही सगळी माणसे मराठीतच लिहीत होती. त्यांना मराठी सोडायची नव्हती; मराठी म्हणजे काय हे ठरवण्यात त्यांना वाटा हवा होता.

सौंदर्यस्पर्धांत ही पारख आणखी उघडी पडते, कारण तिथे माप थेट शरीराला लावले जाते. अमेरिकेतल्या ‘मिस अमेरिका’ स्पर्धेत एके काळी उमेदवार गौरवर्णीयच असावी असा लेखी नियम होता. तो रद्द झाल्यावरही कृष्णवर्णीय मुलगी त्या मंचावर पोचायला १९७० उजाडले. त्याआधी दोन वर्षे, १९६८ मध्ये, ॲटलांटिक सिटीत त्याच स्पर्धेच्या दिवशी ‘मिस ब्लॅक अमेरिका’ भरवली गेली. मात्र तिने माप बदलले तरी स्पर्धेचा साचा तोच ठेवला. त्याहून पुढे गेली ती नव्हाहो या आदिवासी समाजाची, १९५२ मध्ये सुरू झालेली स्पर्धा. तिथे मुलीला आपली भाषा बोलता यावी लागते, परंपरा ठाऊक असाव्या लागतात, आणि मेंढी कापून सोलण्याची परीक्षाही द्यावी लागते. मेंढपाळ समाजाने आपल्या आज्यांमध्ये जे पाहिले, त्यालाच सौंदर्य म्हटले. स्वतःच्या स्पर्धेचे सार्थक इथे आहे.

सामायिक मंचावर चढता आले म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायला पुढे नामवंत गायिका झालेली अकरा वर्षांची गंगूबाई हनगल उभी होती. त्या क्षणीही, जेवणाच्या वेळी जातीमुळे आपल्याला कोणी उठवील का, उष्टी ताटे काढायला सांगील का, ही धास्ती तिच्या मनात होती. पुढे त्यांनी स्वतःच ते सांगितले. त्या मुलीला २००२ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि हुबळीला तिचा अभिमान वाटला. पण असामान्य आवाजाला मंच मिळणे आणि त्या आवाजाच्या नात्यागोत्यातल्या साध्या माणसांना पंगतीत जागा मिळणे, या दोन गोष्टी एक नाहीत. राष्ट्रीय पुरस्कार पहिले काम करतो. दुसरे काम समाजाचे आपले कार्यक्रम करतात, म्हणूनच त्यांत अलौकिक प्रतिभेची अट नसते.

याचे रोजच्या जगण्यातले उदाहरण म्हणजे हुबळी-धारवाडचा ‘प्रतिभा पुरस्कार’. दहावीचे म्हणजे एसएसएलसीचे आणि बारावीचे म्हणजे पीयूसीचे निकाल लागले, की पुढले काही आठवडे गावातली समुदाय भवने आणि कल्याण मंडपे रविवारी भरलेली असतात. मराठा, लिंगायतांचे पोटसमाज, एसएसके म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, विश्वकर्मा, मुस्लिम, दलित, विणकर, धनगर अशा समाजांच्या संस्था आपापल्या गुणवंत मुलांना बोलावतात. शाल, हार, फळांची परडी, एक स्मृतिचिन्ह, रकमेचे पाकीट. कधी डोक्यावर म्हैसूरी पेटा. मुलाचे नाव वडिलांच्या नावासकट, गावासकट पुकारले जाते, आणि बहुतेक ठिकाणी आईवडिलांनाही मंचावर बोलावतात.

बाहेरून पाहणाऱ्याला यात तोचतोचपणा दिसतो. लांबलेली भाषणे, उशिरा येणारे पाहुणे, मंचावरची खुर्च्यांची गर्दी हे सगळे खरेच असते. पण या कार्यक्रमाची खरी कामे त्याच्या आजूबाजूला होत असतात. ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलाला राज्याच्या गुणवत्ता यादीत जागा नसते, वर्तमानपत्रात फोटो नसतो. इथे मात्र त्याच्यासाठी टाळ्या पडतात. घरात पहिल्यांदाच दहावी झालेल्या मुलीच्या बापाला समाजातला इंजिनिअर भेटतो आणि पुढे कोणता कोर्स, फी किती, वसतिगृह कुठे, हे त्याला ओळखीच्या माणसाकडून कळते. शिष्यवृत्तीचे दाते इथेच जोडले जातात. शिकणाऱ्या मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलायला चार नातेवाइकांसमोर पडलेली शाल उपयोगी पडते. वसतिगृहांचा इतिहासही याच धाग्यातला आहे. धारवाडच्या मुरुघा मठाने गरीब विद्यार्थ्यांसाठी प्रसादनिलय चालवले, बेळगावात १९१६ मध्ये केएलई संस्था सुरू झाली, हुबळीत अंजुमन-ए-इस्लामने शाळा-कॉलेजे काढली. सत्कार हा त्या लांबलचक उद्योगाचा दिसणारा भाग आहे.

या कार्यक्रमांचे दोषही तितकेच खरे आहेत, आणि ते लपवून त्यांची बाजू घेणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना गौरवण्यात पारख ढिली पडते. निवडणूक जवळ आली की गुणवंतांपेक्षा पाहुण्यांचे फलक मोठे होतात. समाजाचा मंच बऱ्याचदा समाजातल्या सधन घरांच्या हातात असतो आणि मग आतल्या दुबळ्यांसाठी तोही परकाच ठरतो. फुल्यांनी रानड्यांच्या सभेला जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या सभेलाही लागू आहे. बायका पारितोषिक घ्यायला मंचावर येतात; कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांत त्या किती असतात, यावरून अशा संस्थेची परीक्षा करावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड आणि बेळगाव म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेली. पुढच्याच वर्षी कवी कुवेंपूंच्या अध्यक्षतेखाली कन्नड साहित्य संमेलन धारवाडात भरले. जी भाषा इथे आपली जागा मागत होती, ती आता यजमान झाली. मराठीची जागा उलटी झाली. बेळगावात १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेले मराठी साहित्य संमेलन मुंबई इलाख्यातले होते. २००० मध्ये य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच भरलेले संमेलन परराज्यातले होते. बेळगावभोवतीच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांत आज शेतकऱ्यांच्या पुढाकाराने मराठी संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते. १८९० च्या धारवाडात जे कन्नड माणसाला वाटले, तेच आज या गावांना वाटते. कर्नाटक सरकारने उर्दू, कोकणी, तुळू, कोडवा आणि ब्यारी भाषांसाठी अकादम्या स्थापन केल्या आहेत, त्या दरवर्षी पुरस्कार देतात. मराठी या यादीत नाही. ती असायला हवी, आणि हे म्हणताना एके काळी आपल्या भाषेच्या छायेत कन्नडला काय सोसावे लागले, याची आठवण मराठी माणसाने ठेवायला हवी.

धारवाडच्या दोन लेखकांकडे पाहिले तर या दोन्ही मंचांमधली वाट दिसते. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना ‘नाकु तंति’साठी मिळाले, आणि त्याआधी ‘संवाद’ या मराठी पुस्तकासाठी केळकर पारितोषिकही. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवीत आणि मराठीत लिहीत. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद उठल्यावर त्यांनी तो परत केला. नकार देण्याचाही एक मान असतो. पण तो मान आधी देऊ केला गेला तरच मिळतो. ज्यांना कोणी काही देऊ केलेच नाही, त्यांच्यासमोर हा पर्याय नसतो.

जोगत्या आणि जोगतिणी अशा लोकांपैकी. धारवाडपासून चाळीसेक किलोमीटरवर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. घराने टाकलेली, पुरुषदेह घेऊन जन्मलेली पण स्त्रीरूपात जगणारी माणसे या देवीच्या परंपरेत पिढ्यान् पिढ्या आसरा घेत आली. डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्तीची टोपली, हातात परडी, साथीला चौंडके हे वाद्य, आणि पौर्णिमांच्या यात्रांना भक्तांची दाटी. शहरातल्या कोणत्याही रंगमंचाने ज्यांना बोलावले नाही, त्यांना नाचायला आणि मान घ्यायला ही एकच जागा होती. त्या मानाबरोबर भीक आणि शोषणही आले, हे विसरता येत नाही. पण त्याच मेळ्यांत जोगती नृत्य टिकले, गुरूकडून शिष्याकडे गेले. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती काळव्वा जोगतींकडे ते शिकल्या, गावोगाव फिरल्या, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी, २०१९ मध्ये, कर्नाटक जानपद अकादमीने त्यांना अध्यक्ष केले होते. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. राज्यातल्या लोककलावंतांपैकी कोणाचा गौरव करायचा, हे ठरवणाऱ्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी आता त्या होत्या.