भट्टीचा चुरा

वसईच्या पूर्वपट्टीत डोंगराच्या पायथ्याशी पूर्वी कोळशाच्या भट्ट्या लागत. लाकडं रचून वर पाला-मातीचं लिंपण करायचं. आत वारा कमी, म्हणून लाकडाची राख न होता कोळसा होई. चांगला कोळसा गोणीतून मुंबईला जाई, चुरा तिथंच पडून राही.

आजोबा तो बैलगाडीनं वाडीत आणत. पण लगेच मातीत घालत नसत. "कोरडा चुरा अधाशी रे, झाडाचंच खाईल. आधी त्याला पाज," म्हणायचे. मग तो गोठ्यात गुरांखाली पसरायचा. शेण-मूत पिऊन जड झाला, की केळीच्या बुंध्याशी.

भातासाठी आमच्याकडे राबही भाजत. त्याच्या फांद्यांवरून ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं जंगलखात्याशी इतकं बिनसलं, की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पण राबाच्या उघड्या जाळात लाकडातला बहुतेक कार्बन धुरातून हवेत जातो. कोळशात अडकलेला मातीत शेकडो वर्षं टिकतो. आज याला 'बायोचार' म्हणतात. त्यासाठी झाड तोडायला नको. वखारीतली साल, ढलप्या पुरतात.

आमच्या वाडीची माती अजून काळी, भुसभुशीत आहे. शेजारची वाडी मात्र गेली, बावखल बुजलं. तिथली माती डंपर कुठं घेऊन गेले, कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडेही बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेलाय. घरात अजून एकमत नाही. यंदा गोठ्यात चुरा मात्र पसरलाय.